घरघर, खरखर, गुणगुण

मासिकाच्या मराठी विभागात माझं नाव बघून काही जणांना ठसका लागला असेल. "ही? आणि मराठीत?" असं आमच्या विंगमध्ये आधीच बोलून झालंय. त्यांचंही बरोबर आहे म्हणा! ज्युनियर केजीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंट. तिथे मराठी म्हणजे आठवड्यातून चार तास येऊन जाणारी पाहुणी. घरी आईबाबा मराठीच बोलतात, पण भाजी आणली का, गॅस बुक केला का, अभ्यास झाला का, एवढ्या संसाराला पुरेल इतकीच. त्यामुळे निबंध म्हटलं की माझा हात आपोआप इंग्रजीकडे वळतो. तरीही हा लेख मराठीतच लिहिणं भाग आहे. का, ते पुढे कळेलच.

विषय आहे मी रात्री हेडफोन लावून जे ऐकते ते. त्याला आमच्या विंगमध्ये बरीच नावं आहेत. 'भुताटकी', 'मिक्सरचं संगीत', 'हिचा फोन हँग झालाय'. एका सीनियर ताईने तर एकदा अतिशय काळजीने विचारलं होतं, "घरी सगळं ठीक आहे ना गं?"

तर ते असं. जगभर एक पद्धत आहे, नवे अल्बम शुक्रवारी येतात. पूर्वी प्रत्येक देशाचा वार वेगळा होता. १० जुलै २०१५ पासून सगळ्यांनी मिळून शुक्रवार ठरवला. सिनेमासारखंच झालं. त्यामुळे आठवडाभर जर्नल, असाइनमेंट आणि मेसची तीच ती बटाट्याची भाजी सोसल्यावर शुक्रवार रात्र माझी असते. मी शोधते ती गाणी मात्र जरा वाकड्या वाटेची. कुणी सिंथेसायझरच्या शेकडो वायरी जोडून एकच स्वर पंधरा मिनिटं धरून बसलेलं असतं. कुणी दोनशे वर्षांपूर्वीचं लोकगीत घेऊन त्याखाली भूकंप झाल्यासारखा आवाज लावलेला असतो. कुणी नुसता पाऊस आणि रेडिओची खरखर. प्रायोगिक, इलेक्ट्रॉनिक, अव्हांगार्द लोकसंगीत... नावं काहीही द्या.

हे का ऐकते? खरं सांगायचं तर त्यातला 'नवं' हा भाग मला आवडतो. आपल्याकडे प्रत्येक गोष्टीचा निकाल आधी लागलेला असतो. कोणती ब्रँच चांगली, कोणत्या कंपनीचं पॅकेज चांगलं, कोणते प्रश्न परीक्षेला हमखास येतात, सगळं सोडवून ठेवलेलं. आज सकाळी आलेल्या अल्बमची मात्र गाइडं निघालेली नसतात. तो चांगला की वाईट हे मला एकटीलाच ठरवायचं असतं. अनसीन पॅसेजच म्हणा ना, फक्त खाली प्रश्न नाहीत आणि गुणही नाहीत.

पण ठरवायचं कशाने? शब्दांनीच ना? इथे माझी गाडी अडायची. या संगीताबद्दल जे काही लिहिलं जातं ते इंग्रजीत, आणि त्यात ठरावीक पाचपन्नास विशेषणं फिरून फिरून येतात. 'हाँटिंग', 'लश', 'इथीरियल', 'हिप्नॉटिक'. वाचताना भारी वाटतं. ऐकताना मात्र कळतं की हेच 'हाँटिंग' गेल्या आठवड्यात अगदी वेगळ्या आवाजाला वापरलं होतं. बारा वर्षं कॉन्व्हेंटच्या भाषेत वाढलेल्या मला कानात काय चाललंय ते त्या भाषेत सांगता येईना, आणि मराठीत तर सांगायचा प्रश्नच नव्हता, असं मी धरून चालले होते.

आता एंट्री आमच्या रूममेटची.

ती परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. शिक्षण मराठी माध्यमात, ब्रँच मेकॅनिकल. (होय, वर्गात मोजून सहा मुली.) वडिलांची पिठाची गिरणी. पहिल्या वर्षी आम्ही दोघी एकमेकींना दबकूनच होतो. तिला वाटायचं, ही फाडफाड इंग्रजी बोलणारी आपल्याला हसेल. मला वाटायचं, हिच्यासमोर आपलं मराठी उघडं पडेल. माझा 'ळ' अजूनही जरा ओलाच निघतो, आणि तिच्या 'करायलेय', 'जायलेय'ला वर्गात काही दिवटे हसायचे. थोडक्यात, लेक्चरला दोघीही गप्प! कारणं उलटी, परिणाम तोच.

एका शुक्रवारी माझे हेडफोन बिघडले होते म्हणून मी स्पीकरवर 'लँकम' लावलं. लँकम हा डब्लिनचा चौघांचा बँड. त्यांचा 'फॉल्स लँकम' हा अल्बम मार्च २०२३ मध्ये आला, आणि त्या वर्षीच्या ब्रिटनच्या मर्क्युरी पुरस्काराच्या यादीतही होता. त्यातलं पहिलंच गाणं आठ मिनिटांहून मोठं. प्रेमात फसलेली मुलगी आपली कबर खणायला सांगते, असं जुनं पारंपरिक गाणं. सुरुवातीला रेडी पीट ही गायिका एकटीच गाते, ना साथ ना ठेका. मग खालून एक आवाज वर यायला लागतो. हार्मोनियम, कॉन्सर्टिना, फिडल असली साधी वाद्यं, पण एकच स्वर लांबवून लांबवून त्यांची अशी भिंत उभी करतात की शेवटी खोलीला धाप लागते. आयर्लंडमध्ये मयताजवळ बायका सूर लावून आक्रोश करायच्या, त्या परंपरेची छाया त्यावर आहे.

मी डोळे मिटून ऐकत होते. रूममेट थर्मोडायनॅमिक्सची गणितं सोडवत होती. पाचव्या मिनिटाला तिने पेन ठेवलं.

"हे काय वाजायलंय गं?"

बंद करू का, म्हणून मी हात पुढे केला.

"नको, राहू दे. आधी नुसतं गुणगुणत होतं. आता घरघर सुरू झालीय. गिरणीत दळण संपत आलं की अशी येती बघ घरघर, पोकळ."

मी उठूनच बसले. 'पोकळ घरघर'! त्या आवाजाबद्दल मी दोन-तीन लांबलचक इंग्रजी परीक्षणं वाचली होती. त्यांत नव्हतं ते या दोन शब्दांत होतं. त्या स्वराच्या भिंतीमधून मधला भाग काढून घेतल्यासारखं वाटतं, आणि भीती त्या रिकाम्या जागेचीच वाटते.

मग तिने गिरणीचं सगळं सांगितलं. लहानपणी तिचा अभ्यास गिरणीतच व्हायचा. बापूंना (ती वडिलांना बापू म्हणते) बघावं लागायचं नाही, ते ऐकून चालवायचे. ज्वारी पडली की आवाज वेगळा, गहू पडला की वेगळा. दगड गुळगुळीत झाला की घरघरीत एक सरसर मिसळते. म्हणजे दगडाला टाकी लावायची वेळ झाली. पट्ट्याचा सांधा सैल झाला की दर फेऱ्याला 'फट्' वाजतो. बापू बाहेर बाजेवर बसून चहा पिता पिता आत ओरडायचे, "सांधा बघ रे!" आमच्या तिसऱ्या वर्षाला मशीनच्या आवाजावरून आणि कंपनांवरून बिघाड ओळखायचा विषय आहे. बापूंची सातवीनंतर शाळा सुटली, आणि हा विषय मात्र पाठ!

त्या रात्रीपासून आमचा खेळ सुरू झाला. मी गाणं लावायचं, तिने शब्द द्यायचा. आणि काय सांगू, मराठीत या शब्दांची खाणच निघाली! शाळेत व्याकरणाच्या पुस्तकात 'अनुकरणवाचक अभ्यस्त शब्द' असं भयानक नाव देऊन दोन गुणांसाठी पाठ करून घेतले होते, तेच हे. पण त्यांची बारकाई बघा. पाणी खळखळतं, पण जरा हळू वाहिलं की झुळझुळतं. भात खदखदतो, पिठलं रटरटतं, मोहरी तडतडते. खाट कुरकुरते आणि नवी चप्पल करकरते. बांगड्या किणकिणतात, नाणं खणखणतं. पान सळसळतं, झेंडा फडफडतो, वारा घोंघावतो, डास गुणगुणतो आणि माशी भुणभुणते. 'गुणगुण' आणि 'भुणभुण' यांत एका अक्षराचा फरक, पण पहिली सहन होते आणि दुसरी नाही!

गंमत म्हणजे असाच उद्योग शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने केला होता. लुइजी रुसोलो हा इटलीचा चित्रकार. त्याने १९१३ मध्ये 'गोंगाटाची कला' नावाचा जाहीरनामा लिहिला. त्याचं म्हणणं असं की कारखाने, मोटारी, ट्राम यांच्या जगात राहणाऱ्या माणसाला व्हायोलिन-पियानोचे मोजके आवाज पुरत नाहीत. संगीतात गोंगाट घेतलाच पाहिजे. आणि इंजिनीअरला शोभेल अशी त्याने गोंगाटाची वर्गवारीही केली. एकूण सहा गट: गडगडाटाचे, शिट्ट्यांचे, कुजबुजीचे, किंचाळण्या-करकरण्याचे, ठोकण्या-आपटण्याचे आणि माणसा-प्राण्यांच्या कंठाचे. मग ते आवाज काढायला लाकडी खोकी आणि कर्णे असलेली यंत्रंसुद्धा बनवली. आज आपण ज्याला नॉइज म्युझिक म्हणतो त्याच्या वंशवेलीत रुसोलो अगदी वर बसतो.

आम्ही ते सहा गट कपाटाच्या दारावर चिकटवले आणि त्यांखाली मराठी शब्द लिहायला लागलो. तीन आठवड्यांत दार भरलं. चौथ्या गटात करकर, किरकिर, कचकच, खरखर, चरचर... सातवा गट आम्हाला स्वतःच काढावा लागला, उकळण्याचा! रुसोलोच्या घरी पिठलं होत नसणार.

या दाराचा उपयोग असा झाला की मला पूर्वी एकसारखे वाटणारे आवाज वेगळे ऐकू यायला लागले. आरुषी जैन ही दिल्लीत जन्मलेली, अमेरिकेत कॉम्प्युटर सायन्स शिकलेली संगीतकार. मॉड्युलर सिंथेसायझरवर ती राग मांडते. तिचा २०२४ चा 'डिलाइट' हा अल्बम बागेश्री रागावर बेतलेला आहे. मी तो आधी दोनदा ऐकून 'छान, शांत' म्हणून सोडून दिला होता. दारासमोर बसून ऐकला तेव्हा त्यातली किणकिण, मागची झुळझुळ आणि गळ्याचा तो लांबवर घुमणारा स्वर असे तीन पदर सुटे झाले. रूममेटला बागेश्री म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, मलाही फारसं नाही. पण ती म्हणाली, "हे रात्री कोणाची तरी वाट बघतानाचं वाटायलंय." बागेश्री हा रात्रीचाच राग, आणि त्याचा भाव विरहातल्या ओढीचा मानतात, हे आम्ही नंतर वाचलं.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं परदेशी खूळ. तर थांबा. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीत, १९६९ मध्ये मूग सिंथेसायझर बसवला गेला होता. जगातच तेव्हा हे यंत्र नवलाईचं. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर याने तो तिथे येऊन उभा केला. यामागे होत्या गीता साराभाई. बायका पखवाज वाजवत नसत त्या काळात पखवाज शिकलेल्या या बाई. १९४६ मध्ये न्यूयॉर्कला त्यांनी जॉन केजला भारतीय संगीत शिकवलं आणि त्याच्याकडून पाश्चात्त्य संगीत शिकून घेतलं. एनआयडीच्या त्या स्टुडिओत भारतीयांनी १९६९ ते १९७२ या काळात इलेक्ट्रॉनिक संगीत रचलं, टेपवर घेतलं... आणि टेपा खोक्यांत गेल्या. जवळपास पन्नास वर्षांनी पॉल परगस या ब्रिटिश संगीतकाराला त्या संस्थेच्या संग्रहात सापडल्या. त्यांतल्या निवडक रचनांचा अल्बम २०२३ मध्ये आला. म्हणजे आमच्या आजीच्या तरुणपणातलं संगीत माझ्यासाठी 'नवं रिलीज'! त्यात जिनराज जोशीपुरा यांची 'स्पेस लायनर २००१' आहे. ऐकताना वाटतं, चंद्रावर माणूस उतरला त्याच सुमारास अहमदाबादेतही कुणीतरी अंतराळात निघालं होतं.

दुसरी गोष्ट मुंबईची. चरणजित सिंग हे हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवणारे वादक. १९८२ मध्ये त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रं एकमेकांना जोडून 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' नावाची रेकॉर्ड केली. एचएमव्हीने काढली, फारशी कुणी घेतली नाही. त्या तीनपैकी टीबी-३०३ हे यंत्र मुळात एकट्या गिटारवाल्याला बासची साथ मिळावी म्हणून काढलेलं. खप नाही म्हणून १९८४ मध्ये बंदही झालं. पुढे १९८७ मध्ये शिकागोच्या पोरांनी त्याच यंत्राच्या चिवचिवाटातून 'अ‍ॅसिड हाऊस' नावाचा अख्खा प्रकार उभा केला. २०१० मध्ये सिंगांची रेकॉर्ड पुन्हा निघाली तेव्हा लोकांनी कपाळाला हात लावला. हे तर पाच वर्षं आधीच मुंबईत वाजलं होतं! सिंग २०१५ मध्ये वारले. शेवटची काही वर्षं तरी त्यांना आपली रेकॉर्ड लोक नाचत ऐकतायत हे बघायला मिळालं, याचं मला बरं वाटतं.

असो. नुसतं ऐकून भागेना म्हणून आम्ही एक प्रयोगही केला. १९६९ सालचाच, आल्विन लुसिए या अमेरिकन संगीतकाराचा. त्याने खोलीत बसून काही वाक्यं बोलून रेकॉर्ड केली. मग तीच टेप त्या खोलीत वाजवली आणि तो आवाज दुसऱ्या टेपवर घेतला. मग दुसरी वाजवून तिसरीवर... असं करत गेला. प्रत्येक खोलीची लांबी, रुंदी, उंची यांवरून ठरावीक फ्रिक्वेन्सी जास्त घुमतात. दर फेरीला त्या वाढतात, बाकीच्या मरतात. शेवटी शब्द विरघळून खोलीचाच आवाज उरतो. लुसिए बोलताना अडखळायचा. ते अडखळणंही त्यात विरघळून जातं.

आम्ही एका फोनवरून ब्लूटूथ स्पीकरवर वाजवायचं आणि दुसऱ्या फोनवर घ्यायचं असं ठरवलं. वाक्य एकच, पण दोघींनी आपापल्या बोलीत म्हटलं. मी म्हटलं, "उद्या व्हायव्हा आहे आणि माझं जर्नल अजून पूर्ण झालेलं नाही." तिने म्हटलं, "उद्या व्हायवा हाय अन् माझं जर्नल आणखी व्हायलंच आहे." सहाव्या फेरीला शब्द पाण्याखाली गेले. बाराव्या फेरीला 'जर्नल' कुठे आणि 'व्हायव्हा' कुठे ते कळेना. अठराव्या फेरीला दोन्ही फायलींत एकच घुमणं, आमच्या दहा बाय बाराच्या खोलीचं. मी फायलींची नावं झाकून तिला विचारलं, तुझी कोणती? तिला सांगता येईना. मलाही येईना. कुणाचं शुद्ध, कुणाचं अशुद्ध, कुणाचा 'ळ' ओला... सगळं त्या घुमण्यात गेलं. आम्ही दोघी कितीतरी वेळ काही बोललो नाही.

तेवढ्यात दारावर थाप. रेक्टर मॅडम! "कुणाच्या खोलीत मिक्सर चालू आहे? हीटर, मिक्सर, इस्त्री ॲलाउड नाही, माहीत आहे ना?" झडती झाली. मिक्सर मिळाला नाही. दारावरचा रुसोलोचा तक्ता मॅडमनी चष्मा लावून पूर्ण वाचला, आणि जाताना म्हणाल्या, "धुसफूस राहिली की यात." ती आम्ही तिसऱ्या गटात घातली.

यंदा दिवाळीला रूममेट घरी गेली ती जरा उतरलेल्या तोंडानेच परत आली. गिरणी बंद करायचं ठरलंय. गावात घरोघर घरघंट्या आल्या, दुकानात पिठाच्या पिशव्या आल्या, आणि बापूंचा गुडघा काम देईना. दगड आणि मोटर घ्यायला गिऱ्हाईकही आलंय. मी काय बोलावं ते मला सुचेना. तिने फोन काढला.

"तू ते खोक्यातल्या टेपांचं सांगितलं होतंस ना. म्हणून शेवटचं दळण घेऊन ठेवलंय. बावीस मिनिटं."

तो शुक्रवार होता. आम्ही नेहमीसारखं लाइट बंद करून स्पीकर लावला. आधी बटणाचा खटका. मोटरची हूं... मग पट्टा चढतो तशी फटफट. कुणीतरी डबा ठेवतं. मग दगडांवर ज्वारी पडते आणि घरघर सुरू होते, भरलेली, जाड. मी ई अँड टीसीची. मी लगेच लॅपटॉपवर एफएफटी काढला. शंभर हर्ट्झवर सुळका उभा होता, मोटरचा. पन्नासच्या विजेवर चालणारी मोटर दुप्पट फ्रिक्वेन्सीला गुणगुणते. मी तिला दाखवला. तिने मान हलवली, पण ती स्क्रीनकडे बघतच नव्हती.

"आता बापू हॉपरवर थाप मारायलेत," ती म्हणाली. आणि खरंच एक दबका ठोका आला. "आता धान्य सरायलंय." ग्राफमध्ये काहीच बदललं नव्हतं. दहाएक सेकंदांनी आवाज पातळ व्हायला लागला, आतून रिकामा झाला. लँकमच्या गाण्यातली ती पोकळ घरघर, ती हीच. मग पट्टा उतरला, मोटर सुटी फिरली, मंद झाली आणि थांबली. शेवटची चाळीस सेकंदं नुसतीच शांतता आहे. तिने रेकॉर्डिंग बंद केलं नव्हतं. त्या शांततेला कोणता शब्द लिहायचा, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. दारावर त्यासाठी एक चौकोन मोकळा ठेवलाय.

तर मंडळी, हा लेख मराठीत का, ते कळलं असेल. ज्यांना हे असलं काही ऐकून बघायचं असेल त्यांनी शुक्रवारी रात्री दहानंतर, मेसमधली भांडी खणखणायची थांबली की, आमच्या खोलीत यावं. बसायला स्वतःची चादर आणावी. पहिली पाच मिनिटं कंटाळा येईल, ती सोसावी. 'हाँटिंग' म्हणायला बंदी आहे. येताना गावाकडचा, घरातला, आजीच्या तोंडचा एखादा आवाजाचा शब्द आणावा. दारावर जागा नाही, आता आम्ही भिंतीवर आलोय. बॉईज होस्टेलवाल्यांनी आपापल्या विंगमध्ये सोय करून घ्यावी, तक्त्याची झेरॉक्स मिळेल.

आणि रेक्टर मॅडम, तुम्हीही या. मिक्सर नाही, शपथ!